शिदोरी पाहून भाजी घेणाऱ्या आत्याबाई

पुणं पुष्कळांनी पाहिलं, काहींनी वसवलं, एक-दोघांनी लुटलंही. पण पुणं खाल्लं ते एकट्या आमच्या आतेसासूबाईंनी. हे मी थट्टेनं म्हणत नाही. म्हणजे, थोडं थट्टेनंच म्हणते, कारण सरळ बोलायची सवय या वयात नव्यानं लागणं कठीण आहे. पण गोष्ट खरी आहे. कोथरूडचा दोडका, मुंढव्याची गवार, येरवड्याच्या नदीकाठचा मुळा, खडकीची मेथी, पर्वतीच्या पायथ्याचा चाकवत, हे सगळं त्यांनी नुसतं खाल्लं नाही. ज्या वाफ्यात ते उगवलं त्या वाफ्याची, वाफ्याला पाणी देणाऱ्या मोटेची, मोट ओढणाऱ्या बैलाची आणि त्या बैलाचा मागचा पाय सध्या कसा आहे याची खबर ठेवून खाल्लं. पानात वाढलेल्या भाजीकडे बघून त्या म्हणायच्या, "ही धाकट्या जावेनं खुडलेली दिसते. थोरली इतकं देठ ठेवत नाही." आणि मग शांतपणे जेवायच्या. आम्ही बाकीचे नुसती भाजी खात होतो. त्या एका कुटुंबाकडे जेवून येत होत्या.

त्यांचा नेम असा होता, की पहाटे कोंबडं आरवल्यावर डोक्यावर पाटी घेऊन निघालेली बाई पानांवरचं दव सुकायच्या आत बाजारात पोचली पाहिजे. तेवढ्या अंतरातलं जे असेल ते खायचं. हे अंतर त्यांच्या हिशेबानं तीन कोस भरायचं. तीन कोसांपलीकडे परदेश. काबूलची द्राक्षं परदेशी, खानदेशची केळी परदेशी, आणि माझं माहेर कोकणात, म्हणून मीही परदेशीच. सासरी नांदायला आले तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते. पाया पडले, तर आशीर्वादाच्या आधी प्रश्न आला. "तुमचं गाव किती कोस?"

"चाळीस असेल," मी म्हणाले.

"मग वाटेत कोमेजली असशील. जा, आधी पाणी पी."

मला त्याचा राग आला. मी त्या काळात फार हुशार होते. आता तितकी राहिले नाही, पण त्या वेळी माझ्या हुशारीला घर पुरत नव्हतं. माझ्या वडिलांनी मला अक्षरओळख करून दिली होती, त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी आपल्याला लिहून दिलेल्या आहेत अशी माझी समजूत होती. चार दिवसांत मी आत्याबाईंच्या नेमातलं भोक शोधून काढलं आणि भर स्वयंपाकघरात विचारलं, "आत्याबाई, आपण मीठ खाता ते कुठलं? समुद्र तर पुण्याला नाही."

त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मिठाला आणि सुनेला सूट आहे. दोन्ही कोकणातूनच येतात."

मी पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि विधवेचं लाल आलवण नेसून त्या भावाच्या घरी परत आल्या आणि तिथेच राहिल्या. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घरात मामंजी, म्हणजे सासरे, दप्तरात कारकून; आमचे 'हे', त्याच दप्तरात काम शिकणारे उमेदवार; आत्याबाई आणि मी. इतक्या माणसांत घर चालायचं, पण चालवणारे मामंजी होते. गाय कधी विकायची, पाहुणा किती दिवस ठेवायचा, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, हे सगळं ओसरीवर ठरायचं आणि आत्याबाईंना ते ठरून झाल्यावर कळायचं, किंवा कळायचंही नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. रोज सकाळी परडी घेऊन श्रीमंतांच्या वाड्यापुढच्या पटांगणात भरणाऱ्या बाजाराला जायचं आणि घराला आज काय खायला घालायचं ते ठरवायचं.

आणि ठरवायची रीत तरी कशी. बाजारात इतर गिऱ्हाइकं भाजी दाबून बघतात, वाकवून बघतात, मोडून बघतात आणि मग नाक मुरडून पुढं जातात. आत्याबाई भाजीकडे बघायच्याच नाहीत. माळणीसमोर चार हात अंतर ठेवून उभ्या राहायच्या, विटाळ नको म्हणून पदर आवरायच्या आणि विचारायच्या, "आज भाकरीवर काय आणलंयस? दाखव."

मग ती माळीण आपलं फडकं सोडून शिदोरी दाखवायची. भाकरीवर तिनं विकायला आणलेलीच भाजी असली, तर आत्याबाई ती घ्यायच्या. पाटीत दोडके आणि भाकरीवर नुसती मिरची असली, तर म्हणायच्या, "तुझ्या दोडक्यावर तुझाच विश्वास नाही, मी कशाला ठेवू?" आणि पुढच्या पाटीकडे वळायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा लाजेनं मला धरणी दुभंगावी असं झालं. एक येरवड्याची माळीण तर तोंडावर म्हणाली, "आत्याबाय, तुमास्नी माळवं पायजे का माजी न्याहारी?" आत्याबाई म्हणाल्या, "न्याहारी तुझी तूच खा. मी ती वाचते आहे." आणि पाटी-पाटीनं त्या पुढं वाचत गेल्या.

पुढे बाजारातल्या बायका शहाण्या झाल्या. जी भाजी खपवायची असेल तीच त्या पहाटे शिजवून भाकरीवर घालून आणायला लागल्या. मी मोठ्या विजयानं हे आत्याबाईंच्या कानावर घातलं. म्हटलं, "त्या आपल्याला फसवतात." त्या म्हणाल्या, "फसवू देत की. त्या निमित्तानं रोज पोरीबाळींच्या पोटात भाजी तर जाते."

बाजारातून त्या भाजीच काय, बातम्याही आणायच्या, आणि त्या दप्तरातल्या बातम्यांपेक्षा ताज्या असायच्या. एकदा त्यांनी परडी खाली ठेवली आणि मामंजींना म्हणाल्या, "हडपसरकडचा कडबा आज बाजारात आलाच नाही, वाटेतच घोड्यांना गेला असणार. फौज परत फिरली वाटतं." मामंजी हसले. दप्तरात तशी वर्दी नव्हती. दोन दिवसांनी सांडणीस्वार आला तो हीच बातमी घेऊन. मामंजी त्या संध्याकाळी पानातून मान वर न काढता जेवत होते. आत्याबाईंनी नुसतं विचारलं, "भात वाढू?"

आता माझ्या हुशारीकडे येते. मामंजींना त्या वर्षी बढती मिळाली. दारात एक घोडं आलं. घोडं लंगडत होतं, पण घोडं होतं. दारात घोडं आल्यावर घरातल्या थोरल्या बाईनं परडी घेऊन भर बाजारात माळणींच्या शिदोऱ्या बघत हिंडावं, हे मला कसंसंच वाटायला लागलं. खरं सांगायचं तर मला नारळाची आठवण येत होती. माहेरी नारळ पडल्याचा आवाज झाला तरी कुणी मान वळवत नसे, आणि इथं मी वर्षभर खोबऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पण 'मला नारळ हवा' असं म्हणण्यापेक्षा 'आत्याबाईंचे कष्ट वाचावेत' असं म्हणणं किती शोभून दिसतं. बुधवारातला एक वाणी मोठ्या घरांना सगळा माल घरपोच पाठवत असे, बैलांवरून घाटाखालचा, वरचा, लांबलांबचा. ते मला शेजारणीकडून कळलं होतं.

सुनेनं सासऱ्यांशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. मी दाराआड उभी राहून भिंतीशी बोलायची आणि मामंजी ओसरीवर बसून ते भिंतीकडून ऐकायचे. मी भिंतीला म्हणाले, "आत्याबाईंचं वय झालं. उन्हातान्हात त्यांनी का जावं? वाण्याचा गडी दर तिसऱ्या दिवशी टोपली आणून देईल."

मामंजी भिंतीला म्हणाले, "पोर समजूतदार आहे."

त्या शब्दांनी मी इतकी फुगले की दारातून आत यायला मला वाकडं व्हावं लागलं असेल.

आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं. परडी धुतली, उन्हात वाळवली आणि खुंटीला लावली. वाण्याची टोपली आली. तीत नारळ होता, घाटाखालचा फणस होता, कुठल्या कुठल्या गावच्या भाज्या होत्या. मी त्या दिवशी सोलकढी केली आणि माहेर सुटल्यापासून प्रथमच पोटभर जेवले. सगळे जेवले. आत्याबाई एकदाच जेवत असत, तेही सगळ्यांच्या शेवटी. त्यांनी परसातली अळूची चार पानं खुडली, घरच्या गाईचं ताक घेतलं आणि भात कालवला.

दुसऱ्या दिवशी अळू. तिसऱ्या दिवशी अळू. मला आधी हसूच येत होतं. शेजारणीला मी सांगितलंसुद्धा, की आमच्या आत्याबाईंचं पुणं तीन कोसांचं होतं, ते आता परसाएवढं उरलं आहे. शेजारीण हसली. मीही हसले. पंधरा दिवसांनी परसातलं अळूही संपत आलं आणि त्या नुसत्या ताकभातावर आल्या. रागावल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणायच्या, "भूक नाही फारशी. हालचाल नाही ना." गोवऱ्या रचायच्या, वाती वळायच्या, आणि सकाळी बाजाराची वेळ झाली की मागल्या दारच्या पायरीवर जाऊन बसायच्या. कशासाठी, ते मला कळत नव्हतं. मला वाटायचं, ऊन खायला.

महिना झाला असेल. एका सकाळी कोथरूडची माळीण आमचं घर विचारत विचारत मागल्या दारी आली. आत्याबाई नेमक्या गोठ्यात होत्या. मी दारात गेले.

"आत्याबाय आजारी हायती का?"

"नाही. बऱ्या आहेत. आता त्यांना बाजारात यायची गरज पडत नाही," मी ऐटीत म्हणाले. "माल घरी येतो."

तिनं डोक्यावरची पाटी खाली उतरवली. मग म्हणाली, "गरजेपायी येत व्हत्या व्हय त्या?" पाटीतून चार दोडके काढून तिनं पायरीवर ठेवले. "माजी लेक बाळंत झाली म्हणावं. मुलगीच झाली. त्यांनी सांगितलं व्हतं तसंच झालं म्हणावं." आणि ती गेली. एवढ्या वाटेनं ती पाठीमागच्या आळीत आली होती, तिचा बाजार तिकडे बुडाला असणार, हे माझ्या हुशार डोक्यात ती गेल्यावर आलं.

मी गोठ्यात जाऊन निरोप सांगितला. आत्याबाईंनी गाईच्या पाठीवरचा हात काढला नाही. मग विचारलं, "भाकरीवर काय होतं तिच्या?"

"मी नाही पाहिलं."

"हं," त्या म्हणाल्या.

मला आयुष्यात पुष्कळ जणांनी पुष्कळ टाकून बोललेलं आहे. पुण्यात राहून ते चुकत नाही. पण त्या 'हं'इतकं मला कुणी बोललेलं नाही. दोडके त्यांनी स्वतः चिरले, स्वतः शिजवले आणि महिन्यानंतर त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला. मी वाढत होते आणि मला त्यांच्या मनगटाचं हाड दिसत होतं. ते आधी दिसत नसे.

आता काय करावं? भिंतीशी जाऊन 'मी चुकले' असं म्हणणं सोपं नव्हतं. मी म्हणालेही असते, पण मामंजींनी ते ऐकलं नसतं. वाण्याच्या टोपलीचं त्यांनी दप्तरात चारचौघांना सांगितलं होतं. घोडं असलेल्या माणसाची बहीण पुन्हा बाजारात दिसली तर लोक काय म्हणतील, हा विचार मीच त्यांच्या डोक्यात घातला होता आणि तो तिथं छान रुजला होता. तेव्हा जिथून लाज आली तिथूनच ती घालवायची, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात मामंजींचे वरिष्ठ जेवायला येणार होते. ज्यांच्या एका शेऱ्यावर माणूस चढतो किंवा उतरतो, असे गृहस्थ.

वाण्याच्या टोपलीत काकड्या होत्या. काकडीचं टोक कापून चाखायचं आणि कडू निघाली तर टाकून द्यायची, एवढं लहान पोरीलाही ठाऊक असतं. मी चाखल्या. गोड निघाल्या त्या बाजूला टाकल्या आणि कडू निघाल्या त्या बारीक चोचवल्या. दही घातलं, कोथिंबीर घातली, वरून फोडणी दिली. दिसायला इतकी सुरेख कोशिंबीर मी त्यानंतर कधी केली नाही.

ते गृहस्थ पहिला घास घेऊन थांबले. डोळे मिटले. मग पाणी प्याले आणि अगदी मऊ आवाजात मामंजींना म्हणाले, "काकडी फार स्पष्टवक्ती आहे आपल्याकडची." पुढं जेवण झालं, विडे झाले, पण कोशिंबिरीला कुणी हात लावला नाही. ते गेल्यावर मामंजी दारापाशी आले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"काकडी कुणाकडची?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"वाण्याकडची," मी म्हणाले. "टोपलीत येईल ते आम्ही करतो. आम्हाला पारख नाही. आमच्याकडे कोकणात नारळ तेवढा कळतो."

स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायला मी तोवर कधी शिकले नव्हते. पुढे त्यात मी पुष्कळ प्रगती केली. पण पहिला घास कडूच होता.

मामंजी दारापासून वळले. मग परसाकडे तोंड करून म्हणाले, "आक्का, उद्यापासून तूच जात जा बाजाराला."

"आणि तुझं घोडं?" आत्याबाईंनी आतून विचारलं.

"घोडं काही विचारायला येत नाही," मामंजी म्हणाले आणि पागोटं काढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी परडी काढली, आणि मला हाक मारली. आम्ही दोघी निघालो. कसब्याचा चढ लागेपर्यंत त्या भराभर चालत होत्या. मग पुढं बघतच म्हणाल्या, "किती कापाव्या लागल्या?"

मी पदर सारखा केला.

"एवढी कडू काकडी एका टोपलीत पहिल्या सपाट्यात सापडत नाही. किती कापल्यास?"

"अकरा."

"आणि कडू?"

"तीन."

"आठ चांगल्या काकड्या फुकट घालवल्यास." थोडं चालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी चाखली ती कोशिंबीर."

मी थांबलेच. "आपण? वाण्याची काकडी?"

"तू एवढी खटपट केलीस. म्हटलं, बघावी." आणि परडी माझ्या हातात दिली. "उद्यापासून रोज माझ्याबरोबर यायचं. काकडी न कापता कळायला पाहिजे."

त्यानंतर सात वर्षं मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले आणि काकडी न कापता कशी ओळखायची ते शिकत राहिले. एरवी भाजीकडे न बघणाऱ्या आत्याबाई काकडी मात्र उचलायच्या, कानाशी धरायच्या, नखानं हलकेच टिचकी मारायच्या आणि डोळे मिटून ऐकत उभ्या राहायच्या. कधी कधी अर्धी घटका. मीही तशीच उभी राहायची, गंभीर चेहऱ्यानं. मला कधी काही ऐकू आलं नाही. माझ्या काकड्या पुढेही कडू निघत राहिल्या, आणि मी समजत होते की दोष माझ्या कोकणी कानांचा आहे. पुष्कळ उशिरा, सहाव्या वर्षी कधीतरी, माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या मागं नेहमी दोघी-तिघी बायका बोलत बसलेल्या असायच्या. कुणाच्या लेकीनं नांदायला जायचं नाकारलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा दीर परत आला. आमच्या घरात सगळं ठरून झाल्यावर त्यांच्यापर्यंत यायचं. इथं सगळं अजून ठरायचं असायचं. आत्याबाई काकडी कानाला लावून ते ऐकत होत्या, आणि गोष्ट पुरी झाल्याशिवाय ती काकडी परडीत पडत नसे.

शेवटच्या वर्षी त्यांना लांबचं ऐकू येईनासं झालं. तरी बाजार सुटला नाही. काकडी कानाशी धरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मग मी वाकून दुसऱ्या कानात सांगायची, त्या बायका काय बोलताहेत ते. एके दिवशी कुणी काहीच बोलत नव्हतं. उन्हाळा होता, माळणी सावलीला पेंगत होत्या. आत्याबाई काकडी धरून उभ्या. मला त्यांचा हिरमोड करवेना. मी खडकीचं एक लग्न रचलं. नवरदेव रुसला, नवरीचा मामा बैलगाडीतून पडला, वरमाईच्या लुगड्याला शाई लागली, असं बरंच काही घालत गेले. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी काकडी परडीत ठेवली.

"सगळं खोटं आहे," त्या म्हणाल्या आणि माझा दंड धरून चालायला लागल्या. चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "मग त्या नवरदेवाची समजूत कुणी काढली?"

ते लग्न मी घराच्या दारापर्यंत पुरवलं.